चुकीलाही नंबर हवा

समजा, कर्जत तालुक्यातल्या एखाद्या भातखाचराच्या जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर क्षेत्र ०-१२-३ असे आहे. शून्य हेक्टर, बारा आर आणि शेवटी आरचे तीन दशांश. संगणकातल्या सातबाऱ्यात शेवटच्या घरात दोन अंक लागतात. तिथे ३० यायला हवे. भरणाऱ्याला नुसता ३ दिसला, त्याने ०३ भरले आणि तो पुढच्या ओळीकडे वळला. बारा आर तीस चौरस मीटरचे बारा आर तीन चौरस मीटर झाले. बांध जागच्या जागी राहिला, पण कागदावरून २७ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २९० चौरस फूट जमीन गेली. नेरळ, भिवपुरी रोड, कर्जत या स्टेशनांच्या आसपास एवढ्या जागेत एका कुटुंबाची खोली उभी राहते.

अशी चूक त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. ती उघडी पडते सोसायटीचे पीककर्ज काढताना, वारसनोंद करताना, भावाभावांत वाटप होताना किंवा रस्त्यासाठी, रेल्वेसाठी भूसंपादनाची नोटीस हातात पडल्यावर. तोवर बरीच वर्षे उलटलेली असतात आणि मधल्या काळात कायदा त्या चुकलेल्या आकड्याच्या बाजूने उभा असतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत, खरीच मानायची असते. ती खोटी आहे हे दाखवण्याचे ओझे खातेदाराच्या खांद्यावर येते.

सातबारा आता कागदाचा राहिलेला नाही, तो एका आज्ञावलीच्या पोटात आहे. राज्यात असे अडीच कोटींच्या आसपास सातबारे आहेत आणि त्यांचे वापरकर्ते म्हणजे शेतकरी, तलाठी, बँका, सोसायट्या, न्यायालये आणि जमीन घेणारे-विकणारे सगळेच. एवढ्या मोठ्या आज्ञावलीत चुका निघणारच. खरा प्रश्न त्यापुढचा आहे. चूक कोणी पाहायची, कोणाला सांगायची, सांगितल्याची नोंद कुठे राहणार आणि ती सुटली की नाही यावर लक्ष कोण ठेवणार?

खाचर, वरकस आणि हिस्से

हा प्रश्न रायगडच्या आतल्या पट्ट्यात जास्त बोचतो, त्याचे कारण इथल्या जमिनीतच आहे. कर्जत आणि खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. एकीकडे उल्हास आणि पेज, दुसरीकडे पाताळगंगा. मध्ये माथेरानचा डोंगर आणि त्याच्या सोंडा. वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सपाटीला भाताची खाचरे, चढावर नाचणी-वरीची वरकस जमीन, त्याच्या वर जंगल. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणारे पाणी पेज नदीत येते आणि राजनाल्याच्या कालव्यावर काही गावांत उन्हाळी भातही होतो. खाचरे लहान, दोन-चार गुंठ्यांचीही. देशावर एका गटात जेवढे क्षेत्र असते तेवढ्यात इथे सर्व्हे नंबर, त्याचे हिस्से आणि हिश्श्यांचे पोटहिस्से मावतात.

मालकीचा इतिहासही तसाच गुंतलेला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कूळ मालक झाला. ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर वनजमिनीचे, वनात कसायला दिलेल्या दळी जमिनीचे प्रश्न आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ नये म्हणून जमीन महसूल अधिनियमात कलम ३६अ आहे आणि त्या बंधनाचा शेरा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात असतो. एका सातबाऱ्यावर चार पिढ्यांचे वारस, त्यांत काही मुंबईला, काही पनवेलला, काही हयात नसलेले, असे चित्र सर्रास दिसते. कोणाचा हिस्सा आण्या-पैत लिहिलेला, कोणाचा आरमध्ये, कोणाचे क्षेत्र नुसतेच सामाईक.

जमिनीचा भाव मात्र वेगाने वाढत गेला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग खालापुरातून जातो. सिडकोच्या ‘नैना’, म्हणजे नवी मुंबई विमानतळ प्रभाव क्षेत्राची अधिसूचना २०१३ मध्ये निघाली तेव्हा तिच्यात या दोन्ही तालुक्यांतली गावे होती. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गासाठी जमीन संपादित झाली. शेतघरे घेणाऱ्यांची रीघ तर कधीच सुरू झाली आहे. जिथे गुंठ्याला किंमत आहे तिथे दशांशाच्या चुकीलाही किंमत येते.

चूक येते कुठून

जमिनीच्या नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयोग केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केला, त्यात महाराष्ट्रातून वर्धा होता. पुढे राज्यभर गाव नमुना ७ आणि १२ ची माहिती भरली गेली. २००८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने या कामाला नवी गती दिली आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने तयार केलेली ‘ई-फेरफार’ ही आज्ञावली गावोगाव पोचली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला, नकलेला १५ रुपये.

आजच्या सातबाऱ्यावरची चूक तीन ठिकाणांहून आलेली असू शकते आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

पहिली संगणकाच्याही आधीची. हस्तलिखित सातबाऱ्याची वही भरली की तिचे पुनर्लेखन होई. नवी वही लिहिताना एखादे नाव गळे, कुळाचा शेरा राहून जाई, कंसातले, म्हणजे कमी केलेले नाव कंसाबाहेर येई. संगणकाने ती चूक जशीच्या तशी उचलली.

दुसरी माहिती भरतानाची. हजारो पाने, पुसट शाई, परिचय नसलेली गावे आणि आडनावे. ‘ठोंबरे’चे ‘ठोबरे’ होते, ‘पोटखराबा’ लागवडीयोग्य क्षेत्रात मिसळतो, एकाच माणसाची दोन खाती तयार होतात.

तिसरी आज्ञावलीची स्वतःची. जुन्या मराठी फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटणे, आण्या-पैतला हिस्सा नव्या रकान्यात न बसणे, एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ न लागणे, ही या घरातली उदाहरणे.

खातेदाराला या तिन्ही सारख्याच दिसतात. त्याला दिसते ते एवढेच, की आजोबांच्या काळात होते ते आता नाही. फरक कळतो तो अनेक तक्रारी शेजारी शेजारी ठेवल्यावर. एका गावात एका नंबरावर चूक असेल तर ती बहुधा भरणाऱ्याची. तीच चूक खालापुरातल्या वावोशीच्या बाजूला, कर्जतमधल्या कशेळ्याच्या बाजूला आणि पार चिपळूण-संगमेश्वरातही एकाच तऱ्हेने दिसत असेल, तर बोट आज्ञावलीकडे वळते. तक्रारींचा माग ठेवण्याचे सगळे मोल या एका गोष्टीत आहे. सुटी तक्रार गाऱ्हाणे ठरते. शंभर सारख्या तक्रारी एकत्र आल्या की निदान होते.

चावडीवर मोठ्याने

ही गोष्ट महसूल खात्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गावाच्या नोंदी चावडीवर वाचून दाखवायच्या आणि हरकती ऐकायच्या, ही जुनी पद्धत. २०१७ च्या उन्हाळ्यात ती राज्यभर पुन्हा कामाला लावली गेली. संगणकीकृत सातबारे छापून तलाठ्यांनी चावडीवर वाचले, खातेदारांनी घरचे जुने उतारे आणून ताडून पाहिले आणि फरक लिहून घेतले गेले. आज्ञावलीच्या जगात ज्याला वापरकर्त्यांकडून तपासणी म्हणतात, ती इथे गावाने एकत्र बसून केली.

मोठ्याने वाचण्याचा एक खास उपयोग आहे. माणूस आपला सातबारा वाचतो तेव्हा आपले नाव आणि क्षेत्र बघतो. गावात वाचन होते तेव्हा शेजारी सांगतो, की या नंबरावर अमक्याचे कूळ होते, ते कुठे गेले? वाडीवरची म्हातारी सांगते, की आमच्या जमिनीला विकायची बंदी होती, तो शेरा ऐकू आला नाही. ज्याला वाचता येत नाही तोही ऐकून चूक धरतो. गळालेली गोष्ट कागदावर दिसत नाही, ती फक्त आठवणीत असते. आणि आठवण अनेकांची मिळून पुरी होते.

वाचनात निघालेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी आज्ञावलीत आधी ‘एडिट’ आणि मग ‘री-एडिट’ अशी सोय उघडली गेली. तलाठ्याने दुरुस्ती करायची, वरिष्ठांनी तपासायची आणि शेवटी हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळतात असे घोषणापत्र द्यायचे. ही दारे बंद झाल्यावर मात्र दुरुस्तीचा मार्ग कलम १५५ चा. ‘लेखनप्रमाद’ दुरुस्त करण्याचा अधिकार हे कलम देते. संबंधित पक्षांना मान्य असलेली चूकही त्याखाली सुधारता येते. अधिकाऱ्याच्या स्वतःच्या नजरेस आलेली चूक असेल तर आधी नोटीस आणि हरकतींचा निकाल, मगच दुरुस्ती. मालकीचा वाद या कलमाने मिटवता येत नाही. लेखनातली चूक आणि हक्कातला बदल यांच्यातली ही रेघ जपणे फार गरजेचे आहे, कारण दुरुस्तीच्या दारातून हक्क बदलला गेला तर ती चुकीहून मोठी चूक.

आज्ञावली स्वतःही विसंगती शोधते. तलाठी ज्यांना ‘ओडीसी अहवाल’ म्हणतात ते चाळीसच्या घरातले अहवाल हेच काम करतात. कोणत्या सातबाऱ्यावर क्षेत्राचा मेळ बसत नाही, कुठे खातेदाराला फेरफार क्रमांकच नाही, कुठे भूधारणेचा प्रकार आणि शेरा एकमेकांशी विसंगत आहेत, याच्या याद्या त्यातून निघतात. पण या यादीची एक मर्यादा आहे. बारा आर तीसचे बारा आर तीन झाले आणि एकूण बेरजेतही तोच आकडा गेला, तर मेळ बरोबर लागतो आणि अहवालात काहीच येत नाही. अशी चूक पकडायला जुना उतारा हातात असलेला माणूसच लागतो.

तलाठ्याच्या डोंगलपाशी

या आज्ञावलीचा सर्वांत जास्त वापर करणारा माणूस म्हणजे तलाठी. २०२४ पासून त्याचे पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले, गाव अजून तलाठीच म्हणते. एका सजात अनेक गावे, प्रत्येक गावाचे शेकडो सातबारे. त्याच्या डोंगलमधल्या डिजिटल स्वाक्षरीशिवाय फेरफार पुढे सरकत नाही आणि मंडळ अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय सातबाऱ्यावर उतरत नाही.

दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला गेला की त्याची माहिती थेट ई-फेरफारमध्ये येते. तिथून पुढे एखादे पान अडकले, स्वाक्षरी उमटेना, मंजूर केलेल्या नोंदीचा अंमल सातबाऱ्यावर दिसेना, तर तलाठी ती अडचण तालुक्याला कळवतो. तिथून ती जिल्ह्याच्या ‘डीडीई’कडे, म्हणजे या कामाची जाण असलेल्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते आणि मग पुण्याला जमाबंदी आयुक्त कार्यालयातल्या ई-फेरफार कक्षाकडे. अनेक वर्षे या प्रकल्पाचे राज्य समन्वयक असलेले उपजिल्हाधिकारी रामदास जगताप यांनी तलाठ्यांच्या अशा प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांची मोठी मालिका काढली. कोणत्या प्रकारच्या नोंदीला कोणता फेरफार प्रकार निवडावा, कोणती दुरुस्ती कोणत्या आदेशाने करावी, अशा बारीक गोष्टी त्यात होत्या. एका तलाठ्याची अडचण साऱ्या राज्याच्या उपयोगी पडते ती अशाच वाटेने.

ही वाट नेहमीच सुकर नव्हती. ‘सर्व्हर डाऊन’ हा शब्द ग्रामीण महाराष्ट्रात घराघरात पोचला तो सातबाऱ्यामुळे. दिवसा पान उघडत नाही म्हणून रात्री उशिरा बसून काम केल्याचे तलाठ्यांनी वर्षानुवर्षे सांगितले आहे आणि आंदोलनात डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल तहसील कार्यालयांत जमा झाल्याचेही राज्याने पाहिले आहे. समोर उभ्या खातेदाराला मात्र तलाठीच टाळतो आहे असे वाटते. आज्ञावलीतला दोष आणि माणसाची चालढकल यांतला फरक त्याला दाखवणारे काही हाती नसते, आणि दोघांमधला विश्वास त्यात झिजतो.

पावसात धरलेला मोबाईल

१५ ऑगस्ट २०२१ ला ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली आणि शेतकरी स्वतःच आज्ञावलीचा वापरकर्ता झाला. टाटा ट्रस्ट्सच्या सहकार्याने तयार झालेल्या या मोबाईल ॲपवर शेतकऱ्याने आपल्या शेतात उभे राहून पीक निवडायचे, क्षेत्र भरायचे आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. ती नोंद गाव नमुना १२ वर जाते.

हे काम कर्जतच्या एखाद्या डोंगरउतारावरच्या खाचरात करून पाहिले तर अडचणी लगेच कळतात. लावणी उरकलेली, चिखल पोटरीपर्यंत, आभाळ भरलेले. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, ओल्या बोटाला पडदा दाद देत नाही. नेटवर्क डोंगराच्या सोंडेआड गेलेले. ॲप जागा शोधत राहते. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या फोनला उपग्रहांवरून जागा साधारण ५ मीटरच्या फरकाने कळते. झाडांखाली, कड्यालगत हा फरक वाढतो. तीन गुंठ्यांचे खाचर म्हणजे सुमारे ३०० चौरस मीटर, जेमतेम १७ मीटर लांबी-रुंदीचा तुकडा. विदर्भातल्या दोन हेक्टरच्या शेतात ५ मीटर इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही. इथे तेवढ्यात माणूस शेजाऱ्याच्या बांधावर उभा दिसतो.

पहिल्या हंगामात राज्यभरातून तक्रारींचा पाऊस पडला आणि त्या वाया गेल्या नाहीत. १ ऑगस्ट २०२२ ला आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत त्यांचे ठसे स्पष्ट दिसतात. चुकून भलतेच पीक भरले गेले तर ४८ तासांच्या आत शेतकऱ्याला स्वतः दुरुस्त करता येऊ लागले. आधी त्यासाठी तलाठ्याकडे जावे लागे. गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश ॲपमध्ये आले आणि शेतकरी त्यापासून दूर उभा असेल तर ते ॲप सांगू लागले. मुख्य पिकाबरोबर तीन दुय्यम पिके नोंदवता येऊ लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानायची आणि तलाठ्याने किमान १० टक्के नोंदी तपासायच्या, असे ठरले. मदतीसाठी ॲपमध्येच बटन आले.

पुढे २०२४ मध्ये केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी ही पाहणी जोडली गेली आणि शेतकऱ्याची जागा शेताच्या नकाशातल्या हद्दीशी ताडली जाऊ लागली. नकाशा अचूक असेल तिथे ही सुधारणा मोठीच. पण नकाशातली हद्द आणि प्रत्यक्षातला बांध यांत अंतर असेल, तर आपल्याच खाचरात उभ्या असलेल्या माणसाला ॲप बाहेरचा ठरवते. अशा वेळी शेतकऱ्याने पाठवलेला पडद्याचा फोटो, तारीख, वेळ आणि हिस्सा नंबर ही नकाशातल्या चुकीची पहिली खूण असते. पीकविमा, अतिवृष्टीची भरपाई आणि हमीभावाने भातखरेदी या तिन्हींचा पाया ही नोंद असल्याने ती खूण हरवता कामा नये.

ब्रिटनच्या पोस्टात काय झाले

वापरकर्त्यांच्या तक्रारी एकत्र पाहिल्या नाहीत तर काय होते, याचे सर्वांत दुःखद उदाहरण ब्रिटनच्या टपाल खात्याचे आहे. १९९९ पासून तिथल्या टपाल शाखांत ‘होरायझन’ ही हिशेबाची आज्ञावली बसवली गेली. ती चालवत होती फुजित्सू ही कंपनी. शाखा चालवणाऱ्या उप-टपालमास्तरांना संध्याकाळी हिशेबात तूट दिसू लागली, कधी शेकडो पौंडांची, कधी हजारोंची. त्यांनी मदत केंद्राला फोन केले. अनेकांनी पुढे साक्षीत सांगितले, की असे फक्त तुमच्याकडेच होते आहे, असे उत्तर आपल्याला मिळाले.

तसे नव्हते. फुजित्सूकडे ज्ञात चुकांची नोंदवही होती, पण ती उप-टपालमास्तरांना दिसत नव्हती. तूट त्यांच्या खिशातून भरून घेतली गेली आणि ९०० हून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, घरे विकली गेली, काहींनी जीव दिला. तिथेही कायदा यंत्राच्या बाजूने होता: संगणकाचा पुरावा देताना तो नीट चालत होता हे दाखवण्याची अट १९९९ च्या कायद्याने काढली गेली होती आणि संगणक बरोबर आहे असे गृहीत धरले जात होते.

वेल्समधल्या लँडुडनो गावची शाखा गमावलेले ॲलन बेट्स आपल्यासारखे आणखी लोक शोधत गेले. त्यांनी तक्रारी एकमेकांशेजारी ठेवल्या. ५५५ जणांनी मिळून दावा केला आणि डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने होरायझनमध्ये दोष होते असा निकाल दिला. २०२४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द केल्या. वीस वर्षांत जे होऊ शकले नाही ते तक्रारी एकत्र आल्यावर झाले. आपल्या कलम १५७ चे गृहीतक आणि तिथले गृहीतक शेजारी ठेवून पाहिले, की कर्जतच्या खातेदाराला तक्रारीची पोच मिळणे किती मोलाचे आहे ते कळते.

पावती देणारा कायदा

समाधानाची बाब अशी, की आपल्या जमीन महसूल अधिनियमात ही पोच आधीपासून आहे. जमिनीवर हक्क मिळाल्याची वर्दी कोणी दिली तर तलाठ्याने ताबडतोब लेखी पोच द्यावी, असे कलम १४९ सांगते. कलम १५० प्रमाणे ती वर्दी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये क्रमांकाने चढते, चावडीवर लागते, हितसंबंधितांना नोटीस जाते. हरकत आली तर तिचीही पोच द्यायची आणि ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, गाव नमुना ६अ मध्ये लिहायची. क्रमांक, तारीख, कोणी सांगितले, कोणी तपासले, काय निकाल लागला. तक्रारीचा माग ठेवायला लागणारे सगळे रकाने यात आहेत.

संगणकाच्या जगाने हीच गोष्ट आपल्या वाटेने शोधली. मोझिला या मुक्त आज्ञावली प्रकल्पाने १९९८ मध्ये ‘बगझिला’ नावाची व्यवस्था उघडली. जगातला कोणीही तिथे आज्ञावलीतला दोष नोंदवू शकतो, त्याला क्रमांक मिळतो, कोणाकडे काम आहे ते दिसते, चर्चा उघड होते. तोच दोष दुसऱ्याने कळवला तर ती नोंद पहिलीला जोडली जाते, फेकली जात नाही. कितीजणांना तो बाधतो हे त्यावरून समजते.

आपल्याकडे अजून तेवढे उघडे नाही. ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराचा प्रकार, तारीख आणि हरकतीची मुदत घरबसल्या पाहता येते. ‘ई-हक्क’ प्रणालीतून वारसनोंद, बोजा चढवणे-उतरवणे यांच्याबरोबरच हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबाऱ्यातल्या तफावतीचा अर्जही करता येतो. मुंबईत नोकरी करणाऱ्या खालापूरच्या खातेदाराचा एक दिवसाचा पगार त्यामुळे वाचतो. पण त्याला दिसतो तो त्याच्या स्वतःच्या अर्जाचा टप्पा. तीच चूक आणखी कोणाकोणाची झाली, हे त्याला कळत नाही.

तक्रार लिहिताना

तक्रार नेमकी असेल तर ती लवकर सुटते. ‘सातबारा चुकलाय, दुरुस्त करा’ एवढ्याने तलाठ्याला काहीच शोधता येत नाही. अर्जात गाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, खाते क्रमांक हवा. चूक कोणत्या रकान्यात आहे, आज काय छापले आहे आणि काय असायला हवे, हे तीन वेगळ्या ओळींत लिहावे. ‘काय असायला हवे’ याला आधार म्हणून जुना हस्तलिखित उतारा आणि ज्या फेरफाराने ती नोंद झाली त्याची नक्कल जोडावी. घरी नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून घ्यावी. जुन्यापासून नव्यापर्यंतचे उतारे ओळीने लावले तर कोणत्या पुनर्लेखनात किंवा कोणत्या टप्प्यावर नोंद बदलली ते बहुधा उघड दिसते, आणि तेच सर्वांत बळकट उत्तर ठरते. अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नये. दुरुस्तीचा आदेश झाल्यावरही काम संपत नाही. त्याचा फेरफार होऊन नव्या सातबाऱ्यावर आणि गाव नमुना ८अ वर, म्हणजे खातेउताऱ्यावर, अंमल आला का, ते नवी नक्कल काढून पाहावे.

ॲपमधल्या अडचणीलाही हाच नियम. पडद्याचा फोटो, फोनचा प्रकार, ॲपची आवृत्ती, वेळ आणि आपण कुठे उभे होतो. ‘चालत नाही’ या दोन शब्दांपेक्षा हे पाच तपशील पुण्यात बसलेल्या माणसाला किती तरी जास्त सांगतात.

आता घाई का

१६ डिसेंबर २०२४ पासून राज्यात ॲग्रीस्टॅक योजनेची शेतकरी नोंदणी सुरू झाली. आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव तिथे यंत्र जुळवते. ‘ठोबरे’ आणि ‘ठोंबरे’ ही तलाठ्याच्या नजरेला एकच व्यक्ती असते, यंत्राच्या नजरेला नसते. या नोंदणीतून मिळणाऱ्या शेतकरी ओळख क्रमांकाशिवाय योजनांचा लाभ अडतो, म्हणून जो अनुस्वार वर्षानुवर्षे कोणी मनावर घेतला नव्हता तो आता विम्यावर, अनुदानावर परिणाम करू लागला आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये राज्यभर सुरू झालेल्या ‘जिवंत सातबारा’ मोहिमेने मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचे काम हाती घेतले. कोकणातल्या चार पिढ्यांच्या सातबाऱ्यांना त्याची फार गरज होती. पण नवी नावे चढताना नव्या चुकाही येऊ शकतात, आणि त्या पहिल्या वर्षातच पकडल्या तर संबंधित माणसे हयात असतात, कागद घरात असतात आणि मान्यतेने दुरुस्ती होते.

म्हणून चावडी वाचन ही एका मोहिमेपुरती गोष्ट राहू नये. दर वर्षी पावसाळ्याआधी, गावाला बाहेरगावची माणसे सुट्टीला आलेली असताना, त्या वर्षात बदललेले सातबारे तेवढे वाचले तरी पुरे. आणि प्रत्येक तालुक्याची एक उघडी यादी हवी: चुकीचा प्रकार, अशा किती नोंदी आल्या, कोणाकडे आहेत, कोणत्या तारखेला कशा सुटल्या. खातेदारांची नावे त्यात देण्याची गरज नाही. यादीला लागणारी माहिती महसूल यंत्रणेकडे आजही आहे; कलम १५५ चे आदेश आहेत, ओडीसी अहवाल आहेत, डीडीईंकडे गेलेल्या अडचणी आहेत. ती दर महिन्याला कर्जत आणि खालापूरच्या तहसील कार्यालयांत फलकावर आणि संकेतस्थळावर लागली, तर कशेळ्याच्या खातेदाराला कळेल की आपल्यासारखीच तफावत वावोशीला सहा महिन्यांपूर्वी सुटली आहे, आणि तो त्या दुरुस्तीचा दाखला आपल्या अर्जाला जोडू शकेल.